त्या दिवशी अंगावर काय होतं

आम्रपाली कांबळेला सांगलीजवळच्या कुपवाडच्या एका कारखान्यात टंकलेखिकेची नोकरी लागली ती चौऱ्याण्णव सालच्या जूनमध्ये. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. मराठी टायपिंगची परीक्षा ती पहिल्याच खेपेला पास झाली होती, इंग्रजीची मात्र दोनदा द्यावी लागली. तिचे वडील धनाजी आयुष्यभर बसगाड्यांच्या स्प्रिंगपाट्या बदलत आलेले. ज्या महिन्यात ते निवृत्त झाले, त्याच महिन्यात लेकीच्या हातात नेमणुकीचं पत्र पडलं. आई ती नववीत असतानाच गेली होती. विश्रामबागेच्या मागं दोन खोल्यांत बापलेक दोघंच राहत. पत्र आलं त्या दिवशी धनाजींनी ते दोनदा वाचलं आणि शेजारच्या चार घरांत दाखवून आणलं.

कारखान्यात शेतीपंपांचे व्हॉल्व्ह आणि बेंड तयार होत. पुढं ऑफिस, मधे मशीनशॉप, मागं भट्टी. सत्तर-ऐंशी माणसं, त्यांत बायका तीन. एक आम्रपाली. दुसरी पद्मा, वय पस्तीसच्या आसपास, फोन आणि हजेरी सांभाळायची, रोज कडक इस्त्रीची साडी आणि केसांत एक फूल. तिसरी आक्काताई, झाडलोट करणारी, पन्नाशी ओलांडलेली.

घरापासून कारखाना पाच किलोमीटर. आम्रपालीनं लेडीज सायकल घेतली आणि दोन पंजाबी ड्रेस शिवले, एक निळा, एक मोरपंखी. ओढणी चाकात जाऊ नये म्हणून ती दोन्ही खांद्यांना पिनांनी लावायची. सकाळी साडेआठला निघायची, नऊला टेबलाशी हजर. पहिले पंधरा दिवस ती इतकी खूष होती की जेवणाच्या सुट्टीतही मशीनवरचं कापड काढून उगाच दोन ओळी टाइप करायची.

मजकूर सांगायला येत ते मानसिंगराव. ते कारखान्याचे मॅनेजर, बारा वर्षं तिथं. भट्टीचा रंग बघून लोखंड उतरवायची वेळ सांगणारा माणूस म्हणून मालक हरिभाऊ शेठ त्यांना फार मानत. शेठ दौऱ्यावर असले की कारखाना त्यांच्याच शब्दावर चाले. त्यांना लग्नाच्या वयाच्या दोन मुली होत्या. बोलणं मऊ. पत्राचा मजकूर सांगताना ते तिच्या खुर्चीच्या मागं उभे राहत. आधी हात खुर्चीच्या पाठीवर असायचा. मग तो खांद्यावर आला. मग ‘इथं चूक झाली बघ’ म्हणत ते वाकायला लागले, आणि कागदावर चूक काही नसायची.

तिनं खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मधे आणलेली होती.

अठरा जुलैला सोमवारी अकरा वाजता ती कार्बन पेपर आणायला स्टेशनरीच्या खोलीत गेली. मानसिंगराव मागून आले आणि त्यांनी दार लोटलं. ती ओरडली नाही. पुढं अनेकांनी तिला विचारलं, ओरडली का नाहीस. तिला तेव्हा एवढंच कळत होतं, की हातातल्या कार्बनच्या गठ्ठ्यानं ड्रेसला काळे डाग पडतायत आणि तो खाली ठेवायला हवा. बाहेर मशीनशॉपमधून लेथचा आवाज येत होता. कुणीतरी मानसिंगरावांना हाक मारली. ते कॉलर सारखी करत निघून गेले. ती आणखी थोडा वेळ तिथंच उभी राहिली, मग टेबलाशी येऊन तासगावच्या एका व्यापाऱ्याचं पत्र तिनं पूर्ण केलं.

चार दिवसांनी तिनं पद्माला सांगितलं. पद्माचा चेहरा पडला. तिनं आम्रपालीचा हात धरून ठेवला, पाणी दिलं, आणि मग जरा थांबून अगदी मायेनं विचारलं, तुझा हा ड्रेस थोडा अंगाबरोबर शिवलाय का गं? आम्रपालीनं खाली बघितलं. ड्रेस तिला ढगळच होता. शिंप्यानं पुढं-मागं होईल म्हणून दोन इंच जास्तच धरलं होतं.

पद्मानंच शेठच्या कानावर घातलं. तिचा हेतू वाईट नव्हता. शेठनी आम्रपालीला केबिनमध्ये बोलावलं, दार उघडं ठेवलं आणि बसायला सांगितलं. त्यांनी मानसिंगरावांचं नाव घेतलं नाही. माणूस जुना आहे, घरचा आहे, दोन मुलींचा बाप आहे, एवढं बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“त्या दिवशी तुझ्या अंगावर काय होतं?”

“ड्रेस होता, शेठ. निळा.”

“तेच म्हणतो मी. हा कारखाना आहे, कॉलेज नाही. ऐंशी पुरुष काम करतात इथं. कुणाकुणाचे डोळे बांधणार मी?”

मग त्यांनी तिला वही घ्यायला सांगितली आणि नोटिशीचा मजकूर सांगितला. सर्व महिला कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळी साडी नेसूनच यावे. पंजाबी ड्रेस अथवा तत्सम पोशाखात आल्यास कामावर घेतले जाणार नाही. कारखान्याची शिस्त व प्रतिष्ठा राखण्यासाठी सहकार्य करावे.

ती बाहेर आली, तिनं मशीनमध्ये कागद आणि तीन कार्बन घातले आणि नोटीस टाइप केली. एकही चूक झाली नाही. तिचं तिलाच नवल वाटलं, बोटं कशी एवढी सरळ चालतात. पद्मानं एक प्रत फळ्यावर लावली. कारखान्यात पंजाबी ड्रेस घालणारी एकच बाई होती, त्यामुळं नोटीस कुणासाठी आहे हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना समजलं. कशामुळं आहे, तेही ज्यानं-त्यानं आपापल्या परीनं समजून घेतलं.

घरी तिनं फक्त नियम सांगितला. धनाजींना तो पटला. “बरं झालं,” ते म्हणाले, “कामाच्या जागी साडीच बरी. मी बी तुला म्हणनारच हुतो.” ती भाजी चिरत होती, चिरत राहिली. आईच्या ट्रंकेतल्या तीन साड्या त्यांनी स्वतः काढून दिल्या, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

साडी नेसून सायकल चालवणं जमेना. तिसऱ्याच दिवशी मिऱ्या चेनमध्ये गेल्या आणि ती रस्त्यावर पडली. कोपर सोलवटलं, साडीला हातभर चीर गेली. मागून स्कूटरवर येणारे कारखान्यातले दोघं थांबले, त्यांनी चेनमधून मिऱ्या सोडवून दिल्या आणि इकडंतिकडं बघत निघून गेले. त्यानंतर ती बसनं आणि पुढं पायी जायला लागली. सायकल घराच्या मागं भिंतीला टेकलेली राहिली.

साडीनं फरक पडला नाही. हात आता उघड्या कमरेपाशी यायला लागला, एवढाच फरक. दोन सप्टेंबरला मानसिंगराव तिच्या कानाशी म्हणाले, “साडीत लय चांगली दिसतीस.” तिनं पुन्हा पद्माला सांगितलं. पद्मानं या वेळी दुसऱ्या खुर्चीकडं बघत ऐकलं. मग तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन कसा खोचायचा ते दाखवलं, ब्लाउज पाठीकडून वर शिवून घ्यायला सांगितलं आणि म्हणाली, आपणच आपलं सांभाळून राहायचं असतं, मी बारा-चौदा वर्षं इथं अशीच काढली. कशी काढली, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्रपालीनं विचारलं नाही.

तिनं तसा पदर घेतला. ब्लाउज शिवून घेतले. केस घट्ट बांधायला लागली, पावडर लावायची सोडली, आरशात बघायचंच सोडलं. जानेवारीत तिनं स्टोअरमधून कामगारांचा खाकी कोट मागून घेतला, साडीवर घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. कोट तिच्या गुडघ्यांपर्यंत यायचा. लोक हसले. मानसिंगरावही हसले, आणि त्याच आठवड्यात, अकरा तारखेला, त्यांनी फायलींच्या कपाटाआड कोटाचं वरचं बटण तोडलं.

त्या सुमारास तिच्यात काहीतरी बंद पडलं. कसं ते तिला नीट सांगता आलं नसतं. मानसिंगराव मागं येऊन उभे राहिले की तिचा डावा खांदा मुंग्या आल्यासारखा जड व्हायचा आणि मग तो आपला नाहीच असं वाटायचं. राग येत नव्हता, रडू येत नव्हतं. ती टाइप करत राहायची. एकदा चहाचा ग्लास मांडीवर सांडला. समोरचा माणूस धावला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की चहा गरम होता. घरी जेवताना धनाजी काही विचारत, ती हो म्हणायची, आणि प्रश्न हो-नाहीचा नव्हता हे तिला मागाहून कळायचं. पोरगी कामानं दमते, असं धनाजींना वाटत होतं. त्यांनी सकाळचा स्वयंपाक आपल्या अंगावर घेतला.

एप्रिलमध्ये, दुपारी भट्टी उतरवून माणसं जेवायला बसली होती तेव्हा, आक्काताई तिच्या टेबलाखालचा कचरा काढायला आली. केरसुणी टेकवून ती तिथंच फरशीवर बसली. एवढ्या उन्हात कोट कशाला घालतीस, असं तिनं विचारलं. आक्काताईनं दाराकडं एकदा बघितलं.

“त्यानं मला बी धरलंतं,” ती म्हणाली. “भट्टीच्या मागं. तुजं वय तवा शाळंतलं असंल.”

आम्रपालीची बोटं मशीनच्या कळांवर होती, ती तशीच राहिली.

“माज्या अंगावर काय हुतं, सांग. ह्येच लुगडं. डोक्यावर पदर. चार लेकरांची आई मी, हातात केरसुणी.” आक्काताईचा आवाज खाली-वर झाला नाही, कुठला कोपरा झाडायचा राहिला ते सांगावं तशी ती बोलत होती. “मी कुनाला बोललेच न्हाई. मालकाला कळलं तर कामावरनं हाकलंल, म्हनून न्हाई बोलले. आता तू कोट घालून बसलीयास, ते मला बघवंना.”

आम्रपालीला वाटलं, आता आपल्याला काहीतरी व्हायला हवं. काही झालं नाही. फक्त तिनं कोटाची बटणं एकेक करून सोडली, कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग तिनं मशीनमध्ये कोरा कागद घातला. आक्काताईला विचारलं, ते साल कुठलं होतं, आठवतं का. आक्काताईला साल आठवत नव्हतं, पण धाकट्याला त्या वर्षी पहिलीत घातला होता, एवढं पक्कं होतं. त्यावरून दोघींनी एकोणनव्वद काढलं.

तक्रार दीड पानाची झाली. तिच्यात विनवणी नव्हती, वर्णनही फारसं नव्हतं. तारीख, वेळ, जागा, आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक ओळ. १८ जुलै, स्टेशनरीची खोली. अंगावर निळा पंजाबी ड्रेस, ओढणी दोन्ही खांद्यांना पिनांनी लावलेली. २ सप्टेंबर, टंकलेखनाचे टेबल; अंगावर साडी, नोटिशीप्रमाणे. २४ नोव्हेंबर, साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. ११ जानेवारी, फायलींचे कपाट. साडीवर कारखान्याचा खाकी कोट, बटणे लावलेली. अशा नऊ नोंदी. दहावी सन १९८९ची, भट्टीमागे; नऊवारी लुगडे, डोक्यावर पदर.

आक्काताईनं साक्षरतेच्या वर्गात सही शिकून घेतली होती. तिनं प्रत्येक अक्षरावर थांबत दोन्ही कागदांवर सही केली. पद्मानं तक्रार वाचली, शेवटपर्यंत वाचली, आणि परत केली. माझ्या घरी चालायचं नाही, ती म्हणाली. तिच्या हाताला घाम आला होता आणि कागदाच्या कडेला बोट उमटलं.

शेठनी तक्रार वाचायला बराच वेळ घेतला. मधे फोन वाजला, तो त्यांनी उचलला नाही.

“हे कपडे कशाला लिहिलेस यात?”

“तुमी विचारलं होतं, शेठ.”

ऑफिसात ती नेहमी जपून, पुस्तकी बोलायची. त्या दिवशी ‘तुमी’ निघालं आणि तिनं ते सुधारलं नाही. शेठ म्हणाले, तसं नव्हतं म्हणायचं मला. मग म्हणाले, बघतो. मानसिंगरावांना त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, अर्धा तास दार बंद होतं. बाहेर आल्यावर मानसिंगराव भट्टीकडं गेले आणि त्या दिवसापासून ऑफिसात कमी यायला लागले. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी आम्रपालीच्या टेबलावर पाकीट होतं. कामाचं प्रमाण घटल्यामुळे टंकलेखिकेची आवश्यकता उरलेली नाही. पत्र गावातल्या टायपिंगच्या दुकानातून करून आणलेलं होतं. त्यात दोन ठिकाणी रफार चुकला होता आणि तिचं नाव ‘अम्रपाली’ असं पडलं होतं. पेन घेऊन राहिलेला काना घालावा असं तिला वाटून गेलं.

आक्काताईला मात्र कुणी काढलं नाही. तिच्या जागी यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, असं तिनं नंतर सांगितलं.

घरी आल्यावर आम्रपालीनं तक्रारीची कार्बन प्रत धनाजींच्या पुढं ठेवली. तोंडानं सांगायची ताकद नव्हती. ते उंबऱ्यापाशी उजेडात बसले आणि ओळीखाली बोट धरून वाचत गेले. ‘अंगावर साडी, नोटिशीप्रमाणे’ या ओळीवर बोट थांबलं. पूर्ण वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “ही आक्काताई कोन?”

तिनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीला टेकलेली सायकल काढून, चाकांत हवा भरून घेऊन कुपवाडला गेले. लेडीज सायकलवर पांढऱ्या टोपीतला म्हातारा, गेटवरच्या माणसानं आधी आत सोडलंच नाही. ते गेटसमोर उभे राहिले. साडेनवापासून एक वाजेपर्यंत उभे होते. आतली माणसं येता-जाता बघत होती. मानसिंगराव जेवायला घरी जायचे, त्या दिवशी गेले नाहीत. शेवटी शेठनी धनाजींना आत घेतलं आणि काय पाहिजे ते विचारलं. धनाजी म्हणाले, लेकीच्या कामाचा दाखला पायजे, आनि त्यात तिची वर्तनूक कशी हुती ते तुमच्या हातानं लिवून पायजे. शेठनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. वर्तणूक उत्तम.

ते घरी आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. दाखला तिच्या हातात देऊन ते खाली बसले आणि म्हणाले, “मी तुला साडीचं म्हनलो हुतो. तवा मला ठाव न्हवतं.” आम्रपाली म्हणाली, असू द्या, आबा. तिला त्यांच्याजवळ बसावंसं वाटत होतं, पण ती उभीच राहिली आणि मग पाणी आणायला आत गेली.

ती कार्बन प्रत घेऊन ते दोघं सरकारी कामगार कचेरीतही जाऊन आले. तिथल्या माणसानं कागद ठेवून घेतला, कळवू म्हणाला. काही कळलं नाही.

त्या पावसाळ्यात ती साताऱ्याला मावशीकडं गेली. कोर्टाच्या जवळ एका वकिलांच्या जुन्या टपरीत टायपिंगचं एक मशीन रिकामं होतं, ते तिनं चालवायला घेतलं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नकला. टपरीला मागं भिंत होती, खुर्ची तिला लागूनच बसायची. काम नीट, चूक नाही, म्हणून वकील मंडळी तिच्याकडंच यायला लागली. बोलकी नाही, एवढीच तिच्याबद्दल तक्रार. दोन ठिकाणांहून स्थळं आली. एका ठिकाणी त्यांनी सांगलीची नोकरी का सुटली ते विचारलं, तिनं जसं घडलं तसं सांगितलं, आणि पुढं निरोप आला नाही. मावशीला वाईट वाटलं. आम्रपालीला काही वाटलं की नाही ते मावशीला कळेना.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात कामावरच्या बायकांच्या छळाबद्दल देशातल्या सर्वांत वरच्या कोर्टाचा निकाल आला. एका तरुण वकीलबाईंनी त्याच्यावरचा मराठी लेख तिच्याकडं टाइप करायला दिला. आम्रपालीनं तो दुपारपर्यंत करून दिला. वकीलबाई पानं चाळत म्हणाल्या, निकाल चांगला आहे, नाही? ती म्हणाली, हो, चांगला आहे. संध्याकाळी घरी जाताना वाटेत तिच्या ध्यानात आलं की आपण तो सगळा लेख अक्षर न् अक्षर टाइप केला, पण वाचलाच नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्याची एक प्रत मागून घेतली आणि हळूहळू, दोन-तीन बैठकांत, वाचून काढली.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पद्माचं पत्र आलं, पत्ता धनाजींकडून घेतला होता. चार पानं. मानसिंगराव निवृत्त झाले होते, त्यांना शाल-श्रीफळ दिलं, शेठनी भाषण केलं. आक्काताईनं त्या दिवशी रजा घेतली. तुझ्या जागी दोन मुली येऊन गेल्या, एक तीन महिने टिकली, दुसरी पाच. माझी मुलगी आता अठराची झाली, नोकरी करीन म्हणते, आणि तिचे कपडे बघताना माझ्या मनात पहिल्यांदा तोच प्रश्न येतो, जो मी तुला विचारला होता. मी सही करायला हवी होती. मलाही त्यानं सोडलं नव्हतं, आम्रपाली. हे मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही.

तिनं पत्र दोनदा वाचलं. पद्माचा राग यावा असं तिला वाटत होतं, निदान कीव तरी. तेवढ्यात एक म्हातारा सातबाराच्या अर्जासाठी येऊन बसला. तिनं पत्र घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि त्याचं गाव विचारलं.

उत्तर तिनं आठ दिवसांनी लिहिलं, पोस्टकार्डावर, हातानं. पद्माताई, पत्र मिळालं. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. मुलीला नोकरी करू द्या. मी बरी आहे. एवढं झाल्यावर ती पेन धरून बसून राहिली, पण पुढचं सुचेना. अर्ध्याहून जास्त कार्ड कोरं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती पोस्टापर्यंत चालत गेली आणि ते तसंच पेटीत टाकून आली.